आजोळहून आलेला पांगुळगाडा

“भाऊ, मला चालायला कोणी शिकवलं?”

प्रश्न माझा नव्हता. सकाळी मासुंद्याच्या तळ्यावर सगुणा आणि तुळसा या माझ्या शाळेतल्या मैत्रिणींनी तो माझ्या तोंडात घातला होता आणि वर पैज लावली होती. “भाऊ जेवायला बसले की विचार. आई वाढत असताना. एकट्याला गाठून विचारलंस तर ते धरायचं नाही,” सगुणा म्हणाली. तुळसाची जीभ म्हणजे तर विळीच. “नाही विचारलंस तर उद्या शाळा उघडली की आम्ही तुला धोंडूची दाई म्हणणार. म्हणजे, तू शाळेत आलीस तर हं!” दोघी खिदळल्या. मीही खिदळले. मला वाटलं, त्यात काय एवढं? बाकीच्या मुली वडिलांची चाहूल लागली की माजघरात पळतात. मी माझ्या वडिलांच्या, म्हणजे भाऊंच्या, समोर बसून ग्रहण कसं लागतं ते विचारते, विलायतेची राणी मराठी वाचते का ते विचारते, आणि भाऊ चष्मा पुसून उत्तर देतात. माझ्या भाऊंना काहीही विचारता येतं, हे मी साऱ्या शाळेला इतक्यांदा ऐकवलं होतं की आमच्या बाईंनाही ते पाठ झालं असेल. तेव्हा दुपारी, रविवारची कचेरी बंद म्हणून भाऊ निवांत पाटावर बसलेले असताना, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून खणखणीत आवाजात विचारलं. माझ्या उजव्या हाताच्या बोटाला माझा धाकटा भाऊ धोंडू लोंबकळत होता. त्याच्या लाळेनं बोट गुळगुळीत झालं होतं.

भाऊंनी आमटीभाताचा घास तोंडाशी नेता नेता थांबवला आणि ते हसले. “कोणी म्हणजे? गाड्यानं! तेव्हाही कल्याणहून तुझ्या मामानंच पाठवला होता. काय पळवायचीस गं तू तो पांगुळगाडा! या दारातून त्या दारात. उंबऱ्यावर आपटलीस की घर डोक्यावर घ्यायचीस, पण दांडीवरची मूठ काही सोडायची नाहीस.” ते इतक्या कौतुकानं सांगत होते की पुढचं विचारायचं मी विसरतच होते. पण पैज दोन प्रश्नांची होती.

“मग माझे पाय वाकडे कसे नाही झाले?”

आईच्या हातातली तुपाची वाटी भाऊंच्या ताटावर अधांतरी थांबली. भाऊंनी घास गिळला. “तुझी गोष्ट वेगळी होती, मंदे.” “वेगळी म्हणजे कशी?” यावर भाऊंनी आईकडे पाहिलं. मीठ हवं असलं, पाणी हवं असलं की ते आईकडे पाहतात. मी काही विचारलं म्हणून त्यांनी आईकडे पाहिलेलं मला आठवत नाही. आणि आईनं, बिचारीनं, त्यांना पाणी द्यावं तसं चटकन उत्तर दिलं. “अगं, मुलीचे पाय उद्या लुगड्यात जायचे. कोण बघतंय वाकडे की सरळ?” भाऊ मोकळेपणानं हसले. आईही हसली. तुपाची धार भातावर पडली. झालं. एवढंच झालं. कोणी कोणावर ओरडलं नाही, काही फुटलं नाही, बाहेर नौपाड्याच्या शेतांकडे जाणारी एक बैलगाडी कुरकुरत गेली आणि धोंडूनं माझं बोट चावलं. मी पैज जिंकले होते.

पैज जिंकल्यावर माणसाला कसं वाटायला हवं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी खूप पैजा जिंकते. अंगात एक उकळी येते. ती आज आली नाही. मी धोंडूला उचलून माजघरात आले. कोपऱ्यात तो नवा पांगुळगाडा उभा होता आणि त्याच्या दांडीवर भाऊंचं उपरणं वाळत घातलं होतं. भाऊबिजेच्या दिवशी मामा कल्याणहून आला तेव्हा स्टेशनापासून त्यानं तो डोक्यावर आणला होता. आमच्यात पांगुळगाडा आजोळहूनच यावा लागतो, बापानं विकत आणलेला चालत नाही. लाल-हिरवी लाख, तीन चाकं, आणि पुढच्या आडव्या फळीवर लाकडाचा पोपट. चाक फिरलं की पोपट मान हलवतो. “ताई, लाखेचा वास दोन दिवस येईल, मग जाईल,” मामा आईला म्हणाला होता. धोंडूनं पोपटाची चोच धरून किंचाळी मारली होती. आणि मी? मी अंगणात एक गिरकी घेतली होती. परकराचा घेर असा फुलला होता की आईनं दटावलं, घोडी झालीस तरी... पण तीही हसतच होती. कारण तो गाडा धोंडूचा कमी आणि माझा जास्त होता, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

धोंडू झाल्यापासून आई पूर्वीसारखी राहिली नाही. चार पावलं चालली की भिंतीला टेकते. म्हणून श्रावणापासून मी शाळेत निम्मी आणि घरी निम्मी, अशी होते. सकाळी बाईंच्या पुढ्यात अपूर्णांक, दुपारी धोंडूचं बोट. उभं राहता यायला लागल्यापासून त्याला कोणीतरी वाकून चालवायला हवं असतं, दिवसभर, आणि वाकून वाकून माझ्या पाठीत कळ यायची तेव्हा आईनंच शब्द दिला होता. “धोंडू गाड्याला लागला की तू मोकळी हो बाई. दिवाळीनंतर पूर्णवेळ जा शाळेत. यंदा इन्स्पेक्टरसाहेबांची परीक्षा दे. मी बसल्या जागेवरून त्याच्यावर लक्ष ठेवीन.” बाईंनी सांगितलं होतं, परीक्षेत वर आलीस तर पुढल्या वर्षी धाकट्या मुलींना शिकवायला तुलाच बसवू. मी! खुर्चीवर! रात्री अंथरुणात मी मनातल्या मनात हजेरी घ्यायचे. तेरावं लागलं तरी हिचं लग्न नाही म्हणून शेजारपाजारच्या बायका आईला टोचतात, तेव्हा आई मान खाली घालून ‘इकडची तशी मर्जी आहे’ म्हणते. आणि भाऊ भर सभेत छाती पुढं काढून सांगतात, मुलगा आणि मुलगी हे आईबापांचे दोन डोळे. एकदा त्यांनी मला सभेत नेलं होतं. मी टेबलाशेजारी उभी राहून एक कविता म्हणून दाखवली. दिव्याची धग गालाला लागत होती. टाळ्या पडल्या तेव्हा मला वाटलं त्या कवितेला पडल्या. आज प्रथमच मनात आलं, कविता सगळ्यांना पाठ होती. टाळ्या दुसऱ्याच कशाला तरी होत्या.

मग भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी भाऊ कचेरीतून एक मासिक घेऊन आले. त्यात कोणा डॉक्टरचा लेख होता. कोवळी हाडं, शरीराचा भार, गाडा पुढं धावतो आणि मूल मागं ओढलं जातं, पायांना कमानीसारखा बाक येतो. भाऊंनी तो मोठ्यानं वाचला. धोंडूला तोवर गाड्यात उभं केलेलंही नव्हतं, आई चांगला वार बघत होती. “जुनं ते सगळंच चांगलं असं नाही,” भाऊ म्हणाले. “सुधारलेल्या लोकांत मुलाला माणसाच्या बोटानं चालवतात.” आई म्हणाली, “पण माझ्या भावानं हौसेनं पाठवलाय.” भाऊ म्हणाले, “मी कुठं मोडून टाक म्हणतोय?” आणि मग ते माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज एकदम सभेतला झाला. “मंदे, मी जबरदस्ती करणारा बाप नव्हे. गाड्यात घातलं तर तू शाळेला मोकळी. बोटानं चालवायचं तर चार-पाच महिने तुला घरी राहावं लागेल, परीक्षा पुढल्या वर्षी. तू शिकलेली आहेस. हा लेख वाच, विचार कर, आणि तूच ठरव. तू म्हणशील तसं करू. मात्र पुढं पोराच्या पायांना काही झालं, तर तो तुझा निर्णय होता हे लक्षात ठेव.”

आणि मी हरखले! आता सांगायचीही लाज वाटते, पण खरंच हरखले. अख्ख्या ठाण्यात कुठल्या मुलीला बापानं असं विचारलं असेल? मी तो लेख दोनदा वाचला, पेन्सिलीनं खुणा केल्या. आज सकाळी तळ्यावर जाऊन मैत्रिणींना सांगितलं, आमच्या घरात मोठे निर्णय मी घेते. मला वाटलं त्या जळतील. तुळसा पाण्यात पाय हलवत होती, तशीच हलवत राहिली. “अगं वेडे, ठरवायला दिलं नाही तुला. अडकवलंय,” ती म्हणाली. “गाडा म्हणालीस तर तू दुष्ट बहीण. बोट म्हणालीस तर शाळा गेली, आणि तीही तुझ्याच तोंडानं. आमच्या घरी सरळ नको म्हणतात. मग रडता तरी येतं.” मी तिच्यावर पाणी उडवलं. म्हटलं, तुझ्या बापासारखे नाहीत माझे भाऊ. त्यावर तिनं तो प्रश्न काढला. तुला कोणी चालायला शिकवलं गं, मंदे?

माजघरात लाखेचा वास अजून येत होता. दोन दिवसांत जाणार होता म्हणे. मी उपरणं काढून बाजूला ठेवलं आणि धोंडूला गाड्यामागं उभं केलं. का केलं, सांगता येत नाही. मला बघायचं होतं. त्यानं दोन्ही मुठींनी दांडी धरली. एक चाक किर्र वाजलं. पोपटानं मान हलवली. धोंडू आधी घाबरला, मग त्याला कळलं की हे सगळं आपल्यामुळं होतंय, आणि त्यानं असा चीत्कार केला की मला आतून गुदगुल्या झाल्या. एक पाऊल. दुसरं पाऊल. ढुंगण मागं, पोट पुढं, नाकातली सोन्याची वाळी लुकलुकतेय. आणि त्याच क्षणी माझी नजर त्याच्या गुडघ्यांवर गेली. ते बाहेरच्या बाजूला वाकलेले होते. सगळ्याच बाळांचे असतात, मला माहीत आहे, पण मला तिथं ते लेखातलं चित्र दिसलं, ती कमान. मी झडप घालून त्याला उचललं. तो संतापून रडायला लागला, आणि मी गाड्याकडे बघत राहिले, जसं काही तो चावला होता. म्हणजे भाऊंचं काम झालं होतं तर. आता मी त्याला या गाड्यामागं कधीही सुखानं बघू शकणार नव्हते. तो दहा वर्षांचा होऊन आंब्यावर चढला आणि पडला, तरी मी त्याच्या पायांकडेच बघणार होते.

मग मी मागच्या पडवीत गेले. धोंडूला कडेवर घेतलं, मोरीत पाय ओले केले आणि सारवलेल्या जमिनीवर चालले. मागं वळून ठसे पाहिले. डावा पाय किंचित बाहेर पडतो का? परकर गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय जुळवून उभी राहिले. मधे फट दिसते. ती असायला हवी की नको? इतकी वर्षं हे पाय माझे होते आणि मी त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. सागरगोटे खेळताना मांडी घातली, खाडीच्या बांधावर धावले, शाळेच्या पायऱ्या दोन-दोन चढले. कोणीच पाहिलं नव्हतं. हेच तर आई म्हणाली ना? कोण बघतंय? मी त्या ओल्या ठशांवर उभी होते आणि मला भाऊंपेक्षा आईचाच राग येत होता, आणि राग येतोय याचं रडू येत होतं. भाऊंचं बोलणं छापलेलं असतं, ते उलटलं तर एक पान उलटल्यासारखं वाटतं. पण आईनं दिलेला शब्द तिच्या हाताचा होता. माझ्या वेणीत गाठ मारताना दिला होता तिनं. मुलाचेच पाय जपायचे म्हटल्यावर गाडा गेला, आणि तो शब्दही तिनं तूप वाढता वाढता परत घेतला, आणि तोही हसून, भाऊंची अडचण होऊ नये म्हणून.

धोंडू हुंदके देत देत माझ्या खांद्यावर शांत झाला. त्याच्या नाकातली वाळी माझ्या मानेला टोचली आणि मी एकदम थांबले. ती वाळी मी रोज बघते. त्याच्या आधीचे माझे दोन भाऊ उभे राहण्याआधीच गेले. म्हणून याचं नाव धोंडू, दगडच आहे म्हणे, नेऊन काय करशील? आणि म्हणून बारशाला त्याचं नाक टोचलं. काळानं घरात डोकावलं तर त्याला वाटावं की ही मुलगी आहे. भाऊ सभेत अशा समजुतींवर तुटून पडतात. पण त्या दिवशी सोनाराच्या पुढ्यात धोंडूला मांडीवर घेऊन त्यांनीच धरलं होतं, मी पाहिलं होतं. मला तेव्हा गंमत वाटली होती. मी त्याला माझी लहानपणची कुंची घालून सगळ्यांना दाखवत फिरले होते, बघा माझी धाकटी बहीण! सगळे हसले होते. मुलगी म्हटल्यावर काळ का परत जाईल, हा प्रश्न ग्रहणाइतकाच सरळ होता, आणि तो मी विचारला नव्हता. आता विचारायची गरज उरली नव्हती. मुलगी म्हटली की काळसुद्धा वाकून बघत नाही. तिला गाड्यामागं सोडून द्यावं, ती आपटेल, ओरडेल, मूठ सोडणार नाही. कौतुक करावं तिचं. तिला शाळेत घालावं, सभेत उभं करावं. हे सगळं करता येतं, कारण तिच्यात गमावण्यासारखं काही नसतं. भाऊ माझ्याशी खोटं कधीच बोलले नव्हते. माझी गोष्ट खरंच वेगळी होती.

हे कळलं म्हणून धोंडू मला कमी आवडेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तो झोपेत ओठ चोखत होता. त्याची मूठ माझ्या बोटाभोवती अजून आवळलेली होती आणि ती मला इतकी आवडत होती की मी क्षणभर ठरवूनही टाकलं, राहू दे शाळा. चार-पाच महिने तर आहेत. सगळे मला शहाणी म्हणतील. भाऊ सभेत सांगतील, माझ्या मुलीनं शास्त्रीय लेख वाचून स्वतःच्या बुद्धीनं ठरवलं. आणि मला ते वाक्य त्यांच्या आवाजात, टाळ्यांसकट, ऐकू आलं. स्वतःच्या बुद्धीनं. तिथं मी अडले. त्यांना बोट हवं होतं. ते मागितलं असतं तर मी दिलं असतं. आईनं जवळ बसवून सांगितलं असतं, मंदे, दोन गेले गं माझे, याच्या बाबतीत मला धीर होत नाही, राहतेस का घरी? तर मी उड्या मारत राहिले असते, आणि रडले असते ते तुळसापाशी. पण त्यांनी मागितलं नाही. मी ते आपण होऊन द्यावं, आणि दिल्याबद्दल अभिमानही बाळगावा, अशी व्यवस्था केली.

तिन्हीसांजेला आई तुळशीपाशी दिवा लावून आत आली. भाऊ ओसरीवरच्या झोपाळ्यावर होते, मांडीवर तेच मासिक. धोंडू उठला होता आणि माझं बोट धरून ओसरीभर डुलत होता. मला पाहून भाऊ प्रसन्न हसले. “या, विदुषीबाई! उद्या शाळा. काय ठरलं मग? गाडा की बोट? कारणांसकट सांगायचं हं.” आई दारात थांबली. तिच्या डोळ्यांत एक विनवणी होती, ती मी पाहिली. ती कशासाठी होती ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही. मी खाली बसले आणि धोंडूची मूठ सोडवायला लागले. एकेक बोट उलगडावं लागलं. करंगळी उलगडली की पहिलं बोट पुन्हा मिटायचं. त्याला तो खेळ वाटला, तो हसला, मग माझं बोट निसटलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. मी त्याला उचलून आईच्या कडेवर दिलं. तो माझ्याकडे झेपावून रडू लागला. भाऊंचा झोपाळा थांबला.

“अगं, हे काय? मी काय विचारलं?”

मी झोपाळ्यासमोर उभी राहिले.

“भाऊ, मी गाडाही ठरवला नाही आणि बोटही ठरवलं नाही. उद्या मी शाळेत जाणार आहे, आणि रोज जाणार आहे, परीक्षा होईपर्यंत. धोंडूला कसं चालवायचं ते तुम्ही आणि आई मिळून ठरवा. त्याचे आईबाप तुम्ही आहात. मी त्याची बहीण आहे.”